हिमनदी यायलीय की जायलीय?

मानवत रोडच्या फलाटावर मामांनी माझ्या हाती दोन गोष्टी दिल्या. एक धपाट्यांचा डबा, आणि एक अट.

"फोटो मला दावायचे न्हाईत," ते म्हणाले. "मोबाईलवर समदं जग दिसतंय. तू तुझ्या तोंडानं सांगायचं. हिमनदी कशी हाय, काय करती, समदं. सांगशील?"

मी मान हलवली.

"हे बगा! आत्ता तरी तोंड उघड की, मौनीबाबा."

आई हसली. गाडी आली, गर्दीत बॅग चढवण्याची घाई झाली, आणि माझं "हो, सांगते" फलाटावर पोचलंच नाही. खिडकीतून पाहिलं तर मामा कानाला हात लावून उभे होते, काय म्हणतेस असं विचारत.

मी पुण्यात भूगोलात एम.एस्सी. करते. उपग्रहाच्या चित्रांवर हिमनद्यांच्या कडा आखायच्या, हे माझं काम. उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड नावाच्या बेटांवर उन्हाळ्यात एक अभ्यासशिबिर भरतं. त्यात माझी निवड झाली, तेव्हा घरात एकमत नव्हतं. आत्याचं म्हणणं होतं, एकटी पोरगी, तीही असली अबोल, परक्या मुलखात हरवली तर रस्ता कोणाला विचारणार? तिथं अस्वलं आहेत, हेही तिनं कुठूनतरी ऐकलं होतं. मामा दूध घालायला आले होते. दारातच उभं राहून ते म्हणाले, "जाऊ द्या तिला. मी हाय जबाबदार." विषय तिथंच संपला. त्यानंतर त्यांनी गावभर सांगून ठेवलं की भाची बर्फाची नदी बघून येणार आणि सगळं सांगणार. मला धास्ती होती ती अस्वलांची नव्हे, याची.

मामांचं शेत मानवतपासून थोड्या अंतरावर, कालव्याच्या टेलला आहे. टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक, जिथं पाणी सगळ्यात उशिरा येतं आणि सगळ्यात आधी संपतं. रोज सकाळी ते दूध घेऊन मानवतला येत आणि मला गाडीवर बसवून इंग्रजी शाळेत सोडत. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, मध्ये मी. गाडी चालवता चालवता ते ओरडून विचारायचे, "काल काय शिकवलं गं?" आणि मी मागे बसून मान हलवायचे. "मान हलवतीस ते मला कसं दिसंल? पाठीला डोळे हायत का माझ्या?" पावसात, थंडीत, त्यांच्या स्वतःच्या तापातसुद्धा त्यांनी माझी शाळा चुकू दिली नाही. शाळेत इंग्रजी बोलावं लागे, घरी सगळे आमच्याकडचं मराठी बोलत. मी दोन्हीकडे गप्प राहायला शिकले.

मुंबईहून ऑस्लो, ऑस्लोहून आणखी उत्तरेला. शेवटच्या विमानात ढग फाटले आणि खाली डोंगर दिसले. काळे, टोकदार, आणि त्यांच्यामधून पांढरे रस्ते उतरत होते. ते रस्ते म्हणजे हिमनद्या. इतकी वर्षं मी त्यांच्या कडांवरून माऊस फिरवला होता. आता खिडकीच्या काचेवर बोट ठेवून एकीची कड आखायचा प्रयत्न केला, पण विमान वळलं.

लॉन्गयरब्येन हे तिथलं मुख्य गाव. एका दरीत मांडलेली लाकडी रंगीत घरं आणि डोक्यावर न मावळणारा सूर्य. झाड एकही नाही. सगळ्यात आधी मला धीर दिला तो तिथल्या एका रिवाजानं: आत शिरताना चपला-बूट दारात काढायचे. वसतिगृहात, खानावळीत, अगदी संग्रहालयातसुद्धा. पूर्वी इथं कोळशाच्या खाणी होत्या, बुटांबरोबर काजळी घरात येऊ नये म्हणून ही पद्धत पडली म्हणे. इतक्या दूर येऊन पहिलंच काम दारात बूट काढायचं! पायांत लोकरीचे मोजे, हातात चहा. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग लोक चांगले दिसतात."

झोप मात्र येईना. पडदा लावला तरी कडेनं ऊन यायचं. शेवटी डोळ्यांवर ओढणी बांधून झोपले.

दुसऱ्या दिवशी गावाबाहेर फिरताना एका पांढऱ्या, काळ्या टोपीच्या पक्ष्यानं माझ्या डोक्यावर झडप घातली. मग दुसऱ्यानं. स्थानिक लोक त्याला तेर्ने (कुररी पक्षी) म्हणतात. मारित नावाची आमची मार्गदर्शक मागून ओरडली, "हात वर कर! डोक्याच्या वर!" कुररी सगळ्यात उंच भागावर चोच मारते, म्हणून हात वर धरायचा. मी वर्गात कधी न उचललेला हात तिथं बराच वेळ उचलून चालले. रस्त्याकडेला उघड्या खडीत तिची अंडी होती. शेतात टिटवी असाच गोंधळ घालते. तिलाही आपण चोर वाटतो.

मारित चाळिशीची असेल. खांद्यावर बंदूक, कारण गावाबाहेर अस्वल भेटू शकतं. ती कमी बोलायची, ते मला बरं वाटलं. आम्ही दोघी शेजारी बसलो की शांतता असायची आणि दोघींनाही तिची अडचण नव्हती.

बोटीतून फ्योर्डमध्ये (डोंगरांच्या मधून आत शिरलेली समुद्राची खोल, चिंचोळी शाखा) निघालो, तेव्हा धुकं होतं. फ्योर्डही हिमनदीचंच काम. कधी काळी बर्फ इथवर भरलेला होता, त्यानं खाली दरी खरवडून काढली, आणि बर्फ हटल्यावर समुद्र आत आला. दोन्ही बाजूंचे डोंगर सपाट माथ्याचे, थराथरांचे होते. जिंतूरच्या बाजूला जाताना दिसतात तसे पायऱ्यापायऱ्यांचे. आमच्या पायऱ्या लाव्ह्याच्या, यांच्या जुन्या समुद्रतळाच्या, पण डोळ्यांना ओळखीच्या वाटल्या.

पुढे पाण्याचा रंग बदलला. निळ्या-काळ्या पाण्यात चहासारखा तांबूस पट्टा आला. हिमनदीच्या तळातून वितळलेलं पाणी गाळ घेऊन बाहेर पडतं, ते हे. त्याच्यावर पक्ष्यांची झुंबड होती. मग पाण्यावर बर्फाचे तुकडे तरंगताना दिसू लागले आणि मारितनं इंजिन बंद केलं.

"ऐका," ती म्हणाली.

तडतड आवाज येत होता. बारीक, सगळीकडून. बर्फ पडताना त्यात कोंडलेली जुनी हवा तुकडे विरघळताना सुटत होती. लोखंडी कढईत ज्वारीच्या लाह्या फुटतात, अगदी तसा आवाज. मी मनात नोंद केली: मामांना सांगायचं, लाह्या.

धुकं हटेना. आम्ही थांबलो. मी धपाट्यांचा डबा उघडला. प्रवासात धपाटे जरा वाळले होते, पण शेंगदाण्याच्या चटणीला काही झालं नव्हतं. मारितला दिलं. तिनं पहिल्या घासाला डोळे मिटले, मग उघडले, मग त्यांत पाणी आलं.

"हे जेवण आहे की अस्वलासाठी आणलंय?" तिनं विचारलं, आणि दुसरं धपाटं उचललं.

त्याच सुमारास धुकं वर उचललं गेलं. आधी खालची निळी पट्टी दिसली. मग भिंत. मग भिंतीच्या मागे वर, आणखी वर, डोंगरांच्या मधून वळत गेलेली सगळी हिमनदी.

मी चित्रात पाहिलेली कड एक बारीक रेघ असते. इथं ती रेघ एका डोंगरापासून दुसऱ्या डोंगरापर्यंत उभी होती. पांढरी म्हणावी तर तशी नव्हती. जुना भाग राखेसारखा मळका, नुकताच तुटलेला भाग इतका निळा की आतून दिवा लावल्यासारखा वाटावा. माथ्यावर आडव्या-तिडव्या भेगा, कारण खालचा उतार बदलला की बर्फ ताणला जाऊन फाटतो. मधोमध एक काळा पट्टा पार वरून भिंतीपर्यंत आला होता. वर दोन हिमनद्यांचा संगम होतो. दोघींच्या काठांवरचे दगडगोटे एकत्र येतात आणि पुढे एकीच्याच मधून वाहत राहतात. पाण्याच्या नद्या संगमानंतर मिसळून जातात. या दोघी शेवटपर्यंत आपापल्या बाजूनं चालतात, मधली रेघ जपून.

"ही रोज पुढे सरकते," मारित म्हणाली. "कुठं वीतभर, कुठं हातभर."

मी टक लावून पाहिलं. अर्थात काही हललेलं दिसलं नाही.

मग भिंतीचा एक भाग, देवळाच्या शिखराएवढा, आवाज न करता खाली बसला. खरंच आवाज आला नाही. पाणी उसळलं, पक्षी उडाले, आणि त्यानंतर गडगडाट आमच्यापर्यंत पोचला. मारितनं बोटीचं तोंड लाटेकडे वळवलं. म्हणूनच आम्ही एवढ्या लांब थांबलो होतो. लाट आली, बोट वर गेली, खाली आली, बर्फाचे तुकडे बोटीच्या बाजूंना ठकठक धडकले.

या घटनेला इंग्रजीत 'काव्हिंग' म्हणतात. मी तो शब्द शाळेपासून वापरत आले होते, कधी फोडून पाहिला नव्हता. मारित तिच्या भाषेत ओरडली, "काल्वेर!" आणि त्या क्षणी मला कळलं. इंग्रजीतलं काफ, तिचं काल्व, आपलं वासरू. हिमनदी व्याली.

नवजात हिमखंड लाटेवर डुलत होता, अजून उभं राहता न येणाऱ्या वासरासारखा. मला एकटीलाच हसू आलं. पहिल्यांदाच माझ्याकडे मामांना सांगण्यासारखा एक त्यांचाच शब्द होता.

दुसऱ्या दिवशी गावात परतल्यावर तिथल्या दुपारी फोन लावला.

"हां, जयभीम."

"मामा, व्याली!"

"आँ? कोन व्याली?"

"हिमनदी!"

"कुनाची म्हैस?" मामा ओरडले. मागून मामींचा आवाज आला, कोण व्यालं म्हणून. मामा त्यांना म्हणाले, "पोरगी तिकडं म्हशी बगायलीय."

मी धडपडत सांगितलं. बर्फाचा तुकडा तुटून समुद्रात पडतो, त्याला तसं म्हणतात. मामांना ते आवडलं.

"वा वा! मंजे वाडायलीय म्हना तुमची नदी. बरकत हाय."

"नाही मामा. मागे जातेय."

"मागं जायलीय? नदी? डोंगरावर चढायलीय का मग?"

"तसं नाही. बर्फ पुढेच येतो..."

"आता पुडं. अगं, यायलीय की जायलीय? एक काय ते सांग."

दोन्ही, असं मी म्हणाले. ते मलाच चुकीचं वाटलं. मामा मऊ आवाजात म्हणाले, "ऱ्हाऊ दे. घरी ये, मग सांग. जेवलीस का?"

फोन ठेवल्यावर मी शब्द शोधायला बसले. 'रिट्रीट' हा शब्द मी कितीतरी वेळा लिहिला होता. त्याचं मराठी 'माघार' असं शब्दकोशात मिळालं, पण माघार सैन्य घेतं, पाठ फिरवून. बर्फ पाठ फिरवत नाही. माझ्यासाठी जबाबदार राहिलेल्या माणसानं मला एवढंच मागितलं होतं, आणि पहिल्याच प्रश्नाला मी अडले होते.

पुढचे दिवस आम्ही हिमनदीच्या कडेनं जमिनीवर काम केलं. एका दुपारी मारितनं आम्हाला दगडांच्या एका लांब ढिगाऱ्यावर नेलं. हिमनदी वाहताना दगडमाती ढकलत आणते आणि जिथं तिचं तोंड थांबतं तिथं टाकते, तो हा ढिगारा. तिथून भिंत आता खूप आत दिसत होती. मधली जमीन ओली, उघडी, नुकती झाकण काढल्यासारखी. एका खडकावर बर्फानं घासून पाडलेले चरे होते. तो खडक हाताला गुळगुळीत लागला, पाट्यासारखा.

"मी इथं पहिल्यांदा काम करायला आले तेव्हा बर्फ या खडकापर्यंत होता," मारित म्हणाली.

मी तिला विचारलं, तुमच्याकडे साध्या माणसाला हे कसं सांगतात? पुढे येतो आणि मागे जातो?

"आम्हीपण म्हणतो, मागे सरतो. मलाही ते बरोबर वाटत नाही." तिनं खांदे उडवले. "तुला सापडलं तर मला कळव."

खडकाच्या कडेला नखाएवढी जांभळी फुलं होती. बर्फ गेल्यावर आलेली पहिली वस्ती. वाईट काय आणि चांगलं काय, हे त्या जागी मला नीट वेगळं करता आलं नाही. शेवटचं धपाटं आम्ही दोघींनी अर्धं अर्धं खाल्लं. निघताना मारितनं मला तिचे लोकरीचे हातमोजे दिले. माझे पातळ आहेत हे तिनं पहिल्याच दिवशी पाहिलं होतं, बोलली मात्र नव्हती. आभार मानायला मी शब्द जुळवत होते, तोवर ती बोटीची दोरी सोडायला गेलीसुद्धा.

मी परतले तेव्हा आमच्याकडे पावसानं दडी मारली होती. सोयाबीन फुलावर, पानं दुपारी मलूल. मानवत रोडला मामा गाडी घेऊन उभे होते. आधी घरी, आईकडे. संध्याकाळी त्यांच्या गावी. दारातच मामी म्हणाल्या, "आली का? तिकडची म्हैस व्याली म्हन. खर्वस कुटंय?" ओट्यावर बसलेल्या बायका हसल्या. म्हणजे फोनची गोष्ट गावभर झाली होती. मी हातमोजे दाखवले. ते एका हातातून दुसऱ्या हातात गेले, प्रत्येकीनं घालून पाहिले, आणि घामेजून काढून दिले.

"चल," मामा मला म्हणाले. "शेताकडं चक्कर मारू. कालपरवा कॅनॉलला पानी होतं. आता वरून बंद केलंय, किती उरलंय बगून येऊ."

शेताच्या बांधावर आम्ही उतरलो. कालव्यातून शेताकडे येणाऱ्या चारीत पाणी होतं, पण थोडं. मामा तिच्या कडेनं चालत शेवटाकडे गेले आणि पायानं दाखवलं. "सकाळी हितवर होतं."

तिथं ओला चिखल होता आणि त्यावर पाण्यानं मागे सोडलेली पाचोळ्याची एक रेघ. पाण्याचं टोक त्याच्या मागे, चार-सहा पावलांवर होतं. मी त्या टोकाकडे पाहत राहिले. पाणी आमच्या दिशेनं, टेलकडेच येत होतं. आणि टोक मागे गेलं होतं.

"मामा," मी म्हणाले, "इकडे या."

मी एक वाळली काडी उचलली आणि जरा वरच्या बाजूला पाण्यात सोडली. काडी आमच्याकडे आली. सावकाश, गोल फिरत, पण आमच्याचकडे. टोकाशी येऊन चिखलात टेकली.

"पाणी कुठं चाललंय?" मी विचारलं.

"खाली यायलंय. टेलला."

"आणि सकाळी इथवर होतं ते?"

"जिरलं की. वरून कमी झालं, खाली जमीन पेयाला लागली, मग..." मामा थांबले. त्यांनी काडीकडे पाहिलं, पाचोळ्याच्या रेघेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तशीच हाय मामा ती," मी म्हणाले. "बर्फ यायलाय. रोज यायलाय, वीतभर, हातभर, कधी उलटा जात न्हाई. पण वर डोंगरात जेवढा पडायला पाहिजे तेवढा पडत न्हाई, आणि खाली गरम हवा आणि समुद्र त्याला खायलेत. तो येतोय त्याच्यापेक्षा लवकर संपायलाय. म्हणून टोक मागं. हा पाचोळा जसा इथं राहिला, तसे तिथं दगड राहतात, डोंगराएवढे ढीग. मी त्याच्यावर बसले होते."

मामा उकिडवे बसले. चिखलावर हात ठेवला.

"मंजे तीबी टेललाच हाय," ते म्हणाले.

"हो."

"हितं गेट बंद झालं तर आमी साहेबाला जाऊन भांडतो. तिथं गेट कुनाच्या हातात हाय?"

मी जे जाणत होते ते सांगितलं. धूर, कोळसा, गाड्या, विमानं, ज्यात बसून मी गेले तेही. एका माणसाच्या हातात नाही, थोडं थोडं सगळ्यांच्या. मामा ऐकत होते. मग मी लाह्यांचं सांगितलं, दोन नद्यांच्या मधल्या काळ्या रेघेचं सांगितलं, डोक्यात चोच मारणाऱ्या पक्ष्याचं, दारात बूट काढण्याचं, मारितच्या डोळ्यांतल्या पाण्याचं. चटणीवर मामा मोठ्यानं हसले. दुरून कोणीतरी हाक मारून विचारलं, काय झालं म्हणून. मामा ओरडले, "काही न्हाई! भाची सांगायलीय!"

आवाज बसला तेव्हा मी थांबले. मामांनी गाडीला अडकवलेली बाटली काढून दिली. "पानी पी. लय बोललीस."

परतताना मी मागे बसले. दुधाचे कॅन नव्हते, तरी पाय सवयीनं आखडून घेतले. एवढ्या वर्षांच्या सकाळी मला आठवल्या, आणि वाटलं की त्या हिमनदीपर्यंतचा माझा रस्ता ऑस्लोवरून नव्हे, याच गाडीवरून गेला होता. मला हे त्यांना म्हणायचं होतं.

"मामा," मी म्हणाले, "तुम्ही मला रोज शाळेत सोडायचात ना..."

वाऱ्यानं शब्द मागे नेले. मामांनी गाडी हळू केली. आणखी हळू. मागून येणारी एक सायकल आम्हाला ओलांडून गेली. मामांनी मान अर्धी वळवली, कान माझ्याकडे केला.

"हां, बोल," ते म्हणाले. "आयकायलोय."